कपाटातला जास्तीचा डबा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी आता विसरलो आहे, पण हे एक अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. खून नाही, दरोडा नाही, हत्यार नाही. आंबट वासाचा एक पत्र्याचा डबा, एवढाच मुद्देमाल. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. दोघेही ग्वाल्हेरच्या मराठी समाजातले मान असलेले लोक, आणि त्यांच्या घरची माणसं हे वाचतील.

तेव्हा मी लष्कर भागातल्या एका ठाण्याचा टीआय होतो. मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकाला टीआय म्हणतात. महाराज बाड्याचा चौक आमच्या हद्दीत, सराफा आमच्या हद्दीत, म्हणजे खिसेकापूपासून हुंड्याच्या भांडणापर्यंत सगळं दारात यायचं. माझ्याच बॅचचा एक जण त्या वेळी क्राइम ब्रँचला होता. दर आठवड्याला त्याचा फोटो पेपरात: टेबलावर मांडलेले गावठी कट्टे, मागे तोंड झाकलेले आरोपी आणि मधोमध हा, मिशीला पीळ देऊन. तो फोटो पाहिला की माझा सकाळचा चहा कडू व्हायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हे प्रकरण मत्सराचं आहे आणि त्या विषयात मी अडाणी नव्हतो.

मे महिन्यातल्या एका सकाळी वकीलसाहेब ठाण्यात आले. निवृत्त फौजदारी वकील, धोतर-कोटातले शेवटचे. त्यांचे पूर्वज दरबारात कारकुनी करायला दख्खनहून आले आणि आमचे त्याच फौजेबरोबर भाला घेऊन. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्यांचा सूर अजूनही थोडा वरून खाली येणारा असे. त्यांनी अर्ज पुढे केला. आमच्या मुन्शीने तो वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"साहब, चोरी में तो सामान जाता है। वकील साहब के यहाँ तो आया है।"

शिपाई हसले. वकीलसाहेब हसले नाहीत.

"टीआय साहेब," ते म्हणाले, "माझ्या कपाटात कोणीतरी एक डबा आणून ठेवला आहे. तो माझा नाही. त्या डब्याने माझी जन्माची कमाई नासवली आहे."

हकीकत अशी होती. वकीलसाहेबांना जुन्या फिल्मच्या रिळांचा नाद होता. सिनेमागृहात चालायची ती मोठी रिळं नव्हेत. घरी छोट्या प्रोजेक्टरवर दाखवायची, आठ आणि सोळा मिलिमीटरची. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या शिकारीची, मुरारच्या छावणीतल्या साहेबांनी हौसेने काढलेली. सरदार घराण्यांनी घरं विकली, फौजी अधिकारी बदलून गेले, त्यांचं भंगार निघालं की वकीलसाहेब तिथे हजर. त्यांना मूलबाळ नव्हतं. पत्नी गेल्यानंतर हा संग्रह कोणाच्या तरी चांगल्या हाती पडावा म्हणून त्यांनी पुण्याच्या, जुन्या फिल्म जपणाऱ्या एका खासगी संस्थेला लिहिलं. होळीच्या आधी तिथल्या एक बाई येऊन रिळांची पारख करून गेल्या. संग्रह पसंत पडला होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्या पुन्हा येणार, शेवटची तपासणी करणार, आणि मग पुण्यात एका खोलीवर वकीलसाहेबांच्या नावाची पाटी लागणार, असं ठरलं होतं.

आता पाटीचं काही खरं राहिलं नव्हतं. अशी जुनी फिल्म आजारी पडली की तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो वास सुटलेला डबा बंद कपाटात चांगल्या डब्यांशेजारी ठेवला की हळूहळू तेही बिघडतात. आणि ग्वाल्हेरचा मे महिना, वर लोखंडी कपाट! बाई येऊन गेल्यावर कोणीतरी असा एक आजारी डबा, वरची चिठ्ठी खरवडून, सगळ्या डब्यांच्या मागे सारून ठेवला होता.

"पण तुम्हाला वास आला नाही?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी कोटाच्या खिशातून तपकिरीची डबी काढून टेबलावर ठेवली. चाळीस वर्षांच्या तपकिरीनंतर त्यांच्या नाकाला अत्तर आणि फिनेल सारखंच होतं. वासाची कुरबुर केली ती त्यांच्या पुतण्याने. तेव्हा कपाट उपसलं आणि डबा सापडला.

कलम कोणतं लावायचं हाच पहिला प्रश्न. नुकसान करण्याच्या हेतूने केलेली आगळीक, म्हणजे अदखलपात्र. वकीलसाहेबांनी मला कलमं तोंडपाठ ऐकवली, मी ती ऐकून घेतली, आणि गुन्हा न नोंदवता अर्जावर चौकशी करायचं ठरवलं. रोजनामच्यात नोंद केली आणि त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन डब्याचा पंचनामा केला. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या डब्यापेक्षा त्या कपाटाचंच नवल वाटलं. माणसाने इतकं काही जमवावं, आणि कोणीतरी पुण्याहून येऊन त्याला शाबासकी द्यावी! माझ्या सेवापुस्तकात तेव्हा दोन शाबासक्या होत्या, त्यातली एक बंदोबस्ताची.

वकीलसाहेबांचा संशय सरळ पुतण्यावर. पुतण्या तिशीतला, मोबाइलचं दुकान चालवणारा, काकांच्याच घरात राहणारा. त्याला ती खोली हवी होती हे सगळ्या गल्लीला माहीत. मी त्याला ठाण्यात बोलावलं. मुन्शीने त्याला बाकावर तासभर बसवून ठेवलं. ही आमची जुनी रीत. दोषी माणूस त्या तासात गोष्ट जुळवतो आणि निर्दोष माणूस चिडतो. हा आत आला तो लालबुंद होऊन.

"साहेब, मी दुकान बंद करून आलो आहे. काय म्हणून राहिले काका, मी डबा ठेवला?"

"खोली तुला हवी होती ना?"

"हवी होती, बिलकुल हवी होती. पण मला नुकसानच करायचं असतं तर कबाडीवाल्याला बोलावून सगळं तुलवून टाकलं असतं ना, एका दिवसात. इतकी मेहनत कौन करता है? एक सडका डबा शोधा, आणा, मागे लपवा. आणि बदबू येते म्हणून मीच तर बोंब मारली!"

मी त्याला जाऊ दिलं. खोलीचा लोभ असलेला माणूस खोली मोकळी करतो. तो तीन-तीन महिने वाट बघत बसत नाही. हे काम करणाऱ्याला खोली नको होती, रिळंही नको होती. त्याला एवढंच हवं होतं की ती वकीलसाहेबांजवळ चांगल्या अवस्थेत राहू नयेत. ही भूक वेगळी असते. ती मी ओळखतो.

दुसऱ्यांदा मी एकटाच वकीलसाहेबांच्या घरी गेलो. पंचनाम्याच्या दिवशी घरात गर्दी असते, तेव्हा फक्त जे दाखवलं जातं तेच दिसतं. या वेळी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. डबे पुस्तकांसारखे ओळीने उभे होते. मग सहज म्हणून शेजारच्या खोलीत गेलो. तिथे त्यांची कायद्याची पुस्तकं होती. वरच्या फळीवर, खिडकीच्या वाऱ्याजवळ, एक छोटा डबा होता. स्वच्छ धुतलेल्या रुमालावर आडवा ठेवलेला, झाकण किंचित सैल केलेलं.

"हे काय आहे?"

वकीलसाहेब जवळ आले आणि त्यांनी डबा घाईने हातात घेतला. "अरे, हे तर बाड्याचं रीळ! माझ्या संग्रहातलं पहिल्या नंबरचं. हे इथे कसं? कपाट उपसलं त्या गडबडीत हे नाही हे लक्षातच आलं नाही. बाईंना दाखवून मीच ठेवलं असेल. दिवाळीच्या पाडव्याला, वर्षातून एकदाच लावतो मी हे."

"तुम्ही डबा आडवा ठेवता?"

"छे! माझे सगळे उभे. त्यावरून तर डॉक्टरशी माझं कायम वाजतं. तो म्हणतो आडवे ठेव, उभ्याने रीळ वाकतं. मी म्हणतो, तुझे तू ठेव आडवे."

डॉक्टर म्हणजे मुरारचे दातांचे डॉक्टर. तेही निवृत्त, तेही मराठी, त्यांनाही हाच नाद. दोघांची मैत्री शाळेपासूनची. दर रविवारी सकाळी आळीपाळीने एकमेकांकडे जमून रिळं बघायची आणि भांडायचं. या तीन महिन्यांतही डॉक्टर नेमाने येत होते, त्याच खोलीत, त्याच वासात बसून चहा घेत होते. त्यांनी वासाबद्दल एक शब्दही काढला नव्हता. मी पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "रीळ शाबूत आहे का ते बघायला हवं."

वकीलसाहेबांनी पडदे ओढले आणि प्रोजेक्टर लावला. रीळ जेमतेम चार मिनिटांचं. आवाज नाही. महाराज बाडा, पण आजचा नव्हे. टांगे, फळांच्या टोपल्या, एक पतंग घेऊन पळणारी मुलगी, आणि मग लाल कोट घातलेला एक लग्नाचा बँड, कोपऱ्यात उभा राहून तालीम करणारा. कॅमेरावाला जवळ गेल्यावर ते सगळे लाजून हसू लागतात. तो लाल रंग आजही माझ्या डोळ्यांत आहे. मी ग्वाल्हेरला जन्मलो आणि वाढलो, पण माझ्या गावाला असं कोणी कधी निवांत बघितलं असेल हे मला माहीतच नव्हतं. ते रीळ माझं नाही याचा मला त्या अंधारात अगदी स्पष्ट राग आला.

ठाण्यावर येऊन पुण्याच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजारी डब्यापासून दूर, वाऱ्याला, आडवा आणि झाकण सैल? ज्याने कोणी ठेवला त्याला काम येतं. सगळ्यांत मोलाचं रीळ त्याने बाजूला काढलं आहे." मी विचारलं, होळीच्या आधी ग्वाल्हेरला आला होतात तेव्हा आणखी कोणाचा संग्रह बघितला? "हो, मुरारला एका डॉक्टरांचा. पण तिथे मला घ्यावंसं काही नव्हतं. अर्ध्या तासात निघाले मी."

मग मी मुरारला गेलो. साध्या कपड्यांत, एकटा. डॉक्टरांनी कूलरसमोर बसवलं, तिळाचं गजक आणि पाणी पुढे केलं. त्यांची खोली म्हणजे इस्पितळ. लाकडी फळ्या, जाळीची दारं, प्रत्येक डबा आडवा, प्रत्येकावर सुबक अक्षरात चिठ्ठी. एका जागी फळीवर नुसता गोल पांढरा डाग होता, डबा नव्हता. मी तो डाग बघितला आणि बघितला नाही असं केलं.

"डॉक्टरसाहेब, अर्जाची चौकशी करतो आहे, पण मला या धंद्यातलं काही कळत नाही. रिळाची पारख कशी करतात, जरा शिकवा."

संशयिताला प्रश्न विचारले की तो दार लावून घेतो. त्याला शिकवायला सांगितलं की खिडक्यासुद्धा उघडतो. डॉक्टर खुलले.

"आधी नाक," ते म्हणाले. "डबा उघडायचा आणि हुंगायचं. आंबट आलं की लगेच बंद. मग काठाची भोकं बघायची, फाटली आहेत का. जोड किती मारलेत. मग रंग. हा बघा, हा सिनेमा. मी तरुणपणी घेतला, तेव्हा हिरवं हिरवं होतं, निळं निळं होतं." त्यांनी फिल्म उजेडात धरली. माणसं, झाडं, आभाळ, सगळं गुलाबी पडलं होतं. "स्वस्त प्रतींचं असंच होतं. निळा जातो, हिरवा जातो, नुसता लाल उरतो. कितीही जपा."

"आणि शेवटी?"

"शेवटी एकच प्रश्न. याची दुसरी प्रत जगात कुठे आहे का? सिनेमाच्या असतात. म्हणून त्या बाईंनी माझ्या या सगळ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भाजी मांडून बसलो आहे. आणि त्याच्याकडे दिवसभर! जेवल्याही तिथेच. घरी काढलेल्या रिळाला दुसरी प्रत नसते ना. आणि ती फिल्मच वेगळी, तिचा रंग उडतच नाही. त्याने लोखंडी कपाटात उभं कोंबून ठेवलं तरी उडत नाही."

"वकीलसाहेबांकडचं सगळ्यांत चांगलं कोणतं?"

"बाड्याचं," ते तत्काळ म्हणाले.

मी मान हलवली आणि गजकाचा तुकडा मोडला. "वाईट झालं. तेही गेलं. पार चिकटून लगदा झाला."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "ते कसं जाईल? ते तर त्या कपाटात नव्हतंच!"

कूलर घरघरत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीवरच्या त्या पांढऱ्या डागाकडे, आणि सावकाश खाली बसले. अशा वेळी पोलिसाने तोंड बंद ठेवायचं असतं.

"ते रीळ माझं होतं, टीआय साहेब," ते म्हणाले. "मुरारच्या एका बंगल्यातलं सामान निघालं होतं. आम्ही दोघं गेलो. दोनच डबे होते, एक मोठा सिनेमाचा आणि एक हा छोटा, नावगाव नसलेला. तो म्हणाला, डॉक्टर, पहिलं तू घे. मी मोठा घेतला. मीच. तो काय, जो हाताला लागेल तो उचलायचा. मी आयुष्यभर पुस्तकं वाचून, हवा-पाणी बघून हे सगळं सांभाळलं. माझं गुलाबी झालं, त्याचं तसंच राहिलं. आणि पाटीही त्याच्याच नावाची."

"मग ते रीळ बाहेर का काढलंत?"

माझ्या या प्रश्नाचा त्यांना खरोखर अपमान वाटला. "तुम्ही मला काय समजता?" ते म्हणाले.

त्यांनी जबाब दिला, सही केली. तो आजारी डबा म्हणजे त्या बंगल्यातला मोठा सिनेमाच होता. रविवारी वकीलसाहेब आंघोळ-पूजेत असताना प्रोजेक्टर जोडायचं काम डॉक्टरांचंच असे, तेव्हा त्यांनी तो ठेवला होता.

दोघांना मी ठाण्यात समोरासमोर बसवलं. वकीलसाहेबांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"माझी बाकीची सगळी मारलीस रे," ते म्हणाले.

"बाकीच्यात होतं काय?" डॉक्टर म्हणाले. "साखरपुडे आणि हलणारी झाडं. टाकाऊ माल."

"टाकाऊ? शिकारीचं रीळ टाकाऊ?"

"निम्मं अंधारात आहे ते!"

आणि आमच्या मुन्शीसमोर दोन म्हातारे एकमेकांच्या रिळांची लाज काढू लागले. मुन्शी पेन हातात धरून माझ्याकडे बघत होता, यातलं काय लिहायचं म्हणून. शेवटी वकीलसाहेबांनी हात वर केला, कोर्टात करत असतील तसा.

"टीआय साहेब, मी अर्ज मागे घेतो. माझ्या मित्राला मी कोर्टात उभं करणार नाही. पण एक अट लिहून घ्या. बाड्याचं रीळ याने पुन्हा बघायचं नाही. माझ्याकडे नाही, पुण्यात नाही, कुठेच नाही. मी तशी लेखी अट घालूनच ते देणार."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "गुन्हा नोंदवा," ते मला म्हणाले. "कलम लावा. पण हे नको. एकदा बघू दे रे. येत्या पाडव्याला एकदाच."

"नाही," वकीलसाहेब म्हणाले.

जून महिन्यात पुण्याच्या बाई आल्या. कपाटातल्या बहुतेक डब्यांना त्यांनी नाक लावलं आणि बाजूला सारलं. खोली गेली, पाटी गेली. बाड्याचं रीळ आणि त्याबरोबर मूठभर डबे घेऊन त्या परतल्या. रविवार बंद झाले. एका शहरात, चार-पाच मैलांवर, दोघे आपापल्या खोलीत बसून राहू लागले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती पुढे नोकरीभर कामी आली. चौकशीत आम्ही फिर्यादीला पहिला प्रश्न विचारतो, तुमचं कोणाशी वैर आहे का? मी त्यानंतर विचारू लागलो, तुमच्या वस्तूची खरी किंमत कोणाला कळते? शत्रूला ती कळत नाही, चोराला अर्धीमुर्धी कळते. पुरती कळते ती जवळ बसून वर्षानुवर्षं जळणाऱ्याला. असा माणूस मालकापेक्षा मालाची काळजी जास्त करतो, आणि मालकाचं वाटोळं करतानाही करतो. हे मला एखाद्या साहेबाने प्रशिक्षणात शिकवलं असतं तर पटलं नसतं.

त्या दिवशी तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या आणि वकीलसाहेब पुतण्याच्या स्कूटरवर बसून निघून गेले. डॉक्टर मात्र ठाण्याच्या व्हरांड्यात उभे होते. मी बाहेर आलो तसे ते जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"तुम्ही बघितलंत ना ते? चौकशीसाठी लावलं असेल त्याने."

"बघितलं."

"बँडवाले हसतात तिथपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"कोट कसे आहेत? लाल?"

"लालभडक," मी म्हणालो. "काल शिवल्यासारखे."

त्यांनी समाधानाने मान डोलावली. रुग्णाचा दात नीट बसला की डॉक्टर डोलावतात तशी.

"असणारच," ते म्हणाले. "वेळेवर बाहेर काढलं ना मी."